लाखोळीवरचा आळ

लाखोळीची भाजी बाजारात दिसली की मला राग येतो. भाजीवर नाही. भाजी बिचारी काय करणार, ती तर धान कापून उघड्या पडलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, आपली आपण वर येते. धान उभं असतानाच, जमिनीत ओल असते तोवर, तिचं बी फेकून ठेवतात आणि विसरून जातात. मग दिवाळी येते, कापणी येते, गावोगावी मंडईच्या जत्रा सुरू होतात, दंडारी नाचतात, घरोघरी पाहुणे उतरतात. त्या सगळ्या गडबडीत कोणाचं लक्ष नसताना धसकटांमधून हिरवं पसरत जातं. मग एक दिवस सडक अर्जुनीच्या बाजारात बाया टोपल्या घेऊन बसलेल्या दिसतात. "घे वो बाई, आत्ताच खुडून आनली!" मी घेते. रागातच घेते, पिशवीत कोंबते, आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात चार-पाच जणांशी भांडून होतं.

लाखोळीची डाळ खाऊन पाय लुळे पडतात, ही डाळीची बदनामी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या कोवळ्या पाल्याची बदनामी मात्र आमच्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीपुरती आहे. मी त्या खोलीत राहून आले आहे, म्हणून सांगते.

माझी मुलगी जुई आता पाचवीत आहे. ती पाळण्यात होती तो हिवाळा मी माहेरी काढला. माझं माहेर आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या बाजूचं एक लहान गाव. अंगणात धानाच्या पेंढ्या रचून केलेले पुंजणे उभे होते आणि मळणीयंत्राची धूळ घराच्या कौलांवर, तुळशीवर, वाळत घातलेल्या लंगोटांवर बसत होती. नव्या तांदळाच्या भाताचा वास असा की बाळंतिणीला दिवसातून चारदा भूक लागावी. शेजारच्या गावात मंडई भरली होती. तिथल्या आकाशपाळण्याचा भोंगा ऐकू यायचा आणि मी खोलीत शेगडीपाशी बसून जुईला मांडीवर घेऊन कोण कोण आलं असेल याचा अंदाज करायची. किती सुखात होते मी. आज आठवलं तरी त्या सुखाचाच आधी राग येतो, कारण ते इतकं बेसावध होतं.

बाळंतिणीला पालेभाजी द्यायची नाही हा आमच्या घरचा कायदा, आणि त्या कायद्याची पोलीस मोठाई. मोठाई म्हणजे माझी मोठी काकू, बाबांच्या थोरल्या भावाची बायको. आई स्वभावानं गरीब, त्यामुळे घरात शब्द मोठाईचा. पेज, लसूण, मेथीचे लाडू, पुन्हा पेज. पण बाबांना माहीत होतं की लाखोळीच्या भाजीसाठी मी लहानपणी शाळा बुडवत असे. एक दिवस ते शेतातून येताना दुपट्ट्यात बांधून कोवळे शेंडे घेऊन आले. आईनं लसूण-मिरचीवर परतले आणि मोठाई आंघोळीला गेली तेवढ्यात माझ्या ताटात वाढले. मी गरम भातावर घालून खाल्ले. काय चव होती! ते खाल्ल्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही, आणि हा लेख वाचून कोणी तो माझ्याकडून मागू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुईनं दूध ओकलं. लेकरं ओकतातच. पण हे पांढरं नव्हतं, दह्यासारखं नव्हतं. पांढऱ्या फडक्यावर हिरवा डाग पडला. अगदी वाटून लावलेल्या पाल्यासारखा हिरवा.

मोठाईनं फडकं हातात घेतलं, उजेडात नेलं, परत आणलं, आणि माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं.

"पाला खाल्ली ना वो तू? खरं सांग."

"खाल्ला, मोठाई. एवढासा."

"एवढासा! लेकरू पाला ओकून राहिलं आन् हे मने एवढासा!"

"अगं पण माझं दूध तर पांढरंच आहे. हे बघ." मी खरोखर दोन थेंब वाटीत काढून दाखवले. शिकलेली बाई होते, शाळेत मुलांना शिकवत होते, मला वाटलं पुरावा दिला की प्रश्न मिटतो.

"भायेर पांढरंच रायते," मोठाई म्हणाली. "पोटात गेलं का रंग सोडते."

बाबा दारातून म्हणाले, "वहिनी, भाजी मी आनली ना. तिले कायले बोलता?" पण बाबांचं कोण ऐकतं! शेजारच्या बाया आल्या. प्रत्येकीनं ते फडकं पाहिलं. प्रत्येकीला तसंच झालेलं एखादं लेकरू माहीत होतं आणि प्रत्येक गोष्टीत आईनं काहीतरी खाल्लेलं होतं. मला भात आणि मीठ सुरू झालं. जुईच्या बेंबीभोवती हिंग लावला, वेखंड उगाळून चाटवलं, दृष्ट काढली. तिच्या पोटात काय चाललंय याकडे पाहायला कोणाला सवड नव्हती. सगळ्यांची नजर माझ्या ताटाकडे.

संध्याकाळच्या आत नवरा गाडी घेऊन आला. सुनीलचं हायवेवर टायरचं दुकान आहे, तो वाद घालत बसत नाही, गाडी काढतो. तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होता. त्यानं जुईचं पोट टिचक्या मारून पाहिलं, गॅस आहे म्हणाला, थेंब लिहून दिले. मग मान वर न करता विचारलं, "तुम्ही काय खाल्लं होतं, मॅडम?"

माझ्या तोंडून "लाखोळी" निघताच तो हसला. "मग बरोबर आहे. बंद करा."

दारावर पाटी इंग्रजीत होती आणि आतलं डोकं मोठाईचं. त्या माणसाचा राग मला मोठाईपेक्षा जास्त येतो. मोठाई शाळेत गेलेली नव्हती.

सकाळी जुई रडायची थांबली. घरातल्यांना वाटलं, उतार पडला. "पाहा, भाजी बंद केली आन् पोट्टी शांत झाली," असं मोठाई आईला सांगत असताना मी जुईचा हात उचलला आणि सोडला, आणि तो नुसता खाली पडला. लेकराचं रडणं थांबलं म्हणजे बरं वाटतंय असंच असतं का? रडायलाही अंगात काहीतरी लागतं. आम्ही गोंदियाला निघालो, कारण आजारी माणसाला गोंदियाला न्यायचं असतं, जिल्हा आहे तो आपला. आमच्या गावाहून गोंदिया उत्तरेला, नागपूर पश्चिमेला. हे मी भूगोलाच्या तासाला मुलांना शिकवते. त्या दिवशी मात्र आम्ही सगळे शहाणे जंगलातल्या रस्त्यानं उत्तरेकडे धावत होतो आणि वाटत होतं की मदतीच्या दिशेनं चाललो आहोत.

गोंदियात एका खासगी ठिकाणी सोनोग्राफी झाली. पाहणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते आत-बाहेर करत फोनवर बोलत राहिले. मग सुनीलला म्हणाले, "देखो भैया, इसका ऑपरेशन लगेगा, और यहाँ कोई नहीं करेगा. बच्चा बहुत छोटा है, हम लोग हाथ नहीं लगाते. सीधा नागपूर निकलो."

हाथ नहीं लगाते. मला तेव्हा वाटलं, या माणसाच्या कानाखाली द्यावी. एवढं मोठं शहर, एवढे दवाखाने, मोठ्यांची पोटं रोज उघडतात आणि शिवतात, मग तीन किलोच्या पोटानं यांचं काय घोडं मारलं? त्यांनी समजावलं की भूल देणाराच मिळणार नाही, एवढ्या लहान लेकराची भूल वेगळी असते. मी ऐकून घेतलं नाही. पुढे नागपूरला कळलं की त्या माणसानं केलं ते बरोबरच केलं होतं. ज्याला येत नाही त्यानं हात न लावणं हाही एक धर्मच. पण ज्याला येतं तो एवढ्या लांब का, या प्रश्नाला हे उत्तर नाही. तो राग तसाच राहिला, फक्त त्याचा पत्ता बदलला.

भंडाऱ्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल मी लिहिणार नाही. जुई माझ्या मांडीवर होती आणि मी भाजी खाल्ली होती, एवढंच मला समजत होतं. होय, तोवर मीही मानायला लागले होते. आजूबाजूचे सगळे एकच गोष्ट इतक्या खात्रीनं सांगत असले की आपलं पांढरं दूधही आपल्याला हिरवं दिसू लागतं.

नागपूरच्या त्या मोठ्या रुग्णालयात एक बुटकीशी मुलगी पुढं आली. डॉक्टर आहे हे गळ्यातल्या स्टेथोस्कोपवरून ओळखायचं. केस बँडेजच्या पट्टीनं बांधलेले. डॉ. मृणाल. तिनं कागद हातात घेतलेच नाहीत.

"उलटीचा रंग?"

"मी लाखोळीची भाजी खाल्ली होती, त्यामुळे..."

"तुम्ही काय खाल्लं ते मी विचारलं नाही. रंग विचारला."

"हिरवा."

हा शब्द ऐकला आणि तिचे हात सुरू झाले. जुईच्या नाकातून नळी, पायाला सुई, नर्सला हाका, वरच्या डॉक्टरांना फोन. आणि हे सगळं करताना तोंड माझ्याकडे. "तुम्ही भाजी खाल्ली काय किंवा उपाशी राहिलात काय, उलटी हिरवीच झाली असती. ते पित्त आहे. हिचं आतडं पिळलं गेलंय. धुतलेलं लुगडं पिळतात ना, तसं. जन्माआधीच त्याची बांधणी नीट झालेली नसते. कोणी सांगितलं तुम्हाला भाजीचं?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले. "डॉक्टरांनीसुद्धा."

तेव्हा ती जे काही म्हणाली ते छापता येणार नाही. पण मी भिंतीला टेकले आणि पहिल्यांदा रडले. माझ्या बाजूनं रागावणारं ते पहिलं माणूस होतं.

मोठे सर आले. साठीचे, साधी चप्पल, दाढी वाढलेली. त्यांनी जुईला आधी माझ्याजवळ दिलं, मग माझ्या हातून स्वतःच्या हातात घेतलं. ट्रॉली उभीच होती. "आमच्याकडं लेकरू ट्रॉलीवर जात नाही," ते म्हणाले, "कडेवर जातं." आणि खरोखर, नळ्या-बाटल्या सांभाळत मृणाल एका बाजूनं आणि माझ्या मुलीला छातीशी धरून हा म्हातारा, असे ते दारामागं गेले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक बसणं तेव्हा सुरू झालं. तिच्याबरोबर मी आत नव्हते, पण ती कोणाच्या तरी कडेवर होती.

बाहेर आल्यावर सर आमच्यासमोर बाकावर बसले. उभ्यानं बोलले नाहीत. घामानं भिजले होते. आत एसी चालत नाही, लेकरू थंड पडतं म्हणून खोली तापवतात, हे मला नंतर कळलं. म्हणाले, "पीळ सोडवला. बरंचसं आतडं काळं पडलं होतं. गरम ओल्या कपड्यात गुंडाळून वाट पाहिली. काही परत गुलाबी झालं, काही झालं नाही."

"मग ते कापलं?" सुनीलनं विचारलं.

"नाही. मोठ्या माणसाचं असतं तर कदाचित कापून मोकळा झालो असतो. हिला अजून सत्तर-ऐंशी वर्षं जेवायचंय. जेवढं मी कापीन तेवढं तिच्या ताटातून कमी होईल. परवा पुन्हा उघडून बघू. तोवर जे जगायचं ते जगू दे."

ते दोन दिवस. पोटभर जेवणारं आयुष्य की जन्मभर नळीतून पोषण, की तेही नाही, हे एका लेकराच्या पोटात ठरत होतं आणि बाहेर नागपूरचा बाजार संत्र्यांनी पिवळा झाला होता. मला त्या संत्र्यांचाही राग आला. सगळं जग खात होतं.

दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा आतडं जगलं होतं. एक तुकडा गेला, बाकीचं राहिलं. सरांनी ते आम्हाला सांगितलं आणि लगेच मागं वळून मृणालला झापलं, की वरच्या टोकाला छेद गरजेपेक्षा मोठा झालाय. "आत्ता एवढासा दिसतो. पोरगी वाढेल तसा तोही वाढेल. लग्नात साडी नेसताना तुझी आठवण काढेल ती." मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

मग आम्ही त्या वॉर्डात राहिलो, जुई पुन्हा दूध पचवायला लागेपर्यंत, म्हणजे बरेच आठवडे. दुसरं काम नव्हतं, म्हणून मी पाहत बसले. मी शिक्षिका आहे, शिकणाऱ्या माणसाकडं माझं लक्ष जातंच. मृणाल परीक्षेच्या वर्षाला होती. आधी डॉक्टर होण्याची वर्षं, मग तीन वर्षं मोठ्यांची सर्जरी, आणि एवढं शिकून झाल्यावर पुन्हा पहिलीत बसल्यासारखी तीन वर्षं, फक्त लहानांची. मी विचारलं, "मोठ्यांचं येत असलं तर लहानांचं का येऊ नये?" ती सलाइनच्या स्टँडला दोरा बांधून एका हातानं गाठी मारत होती, गाठ मारायची, सोडायची, मारायची. म्हणाली, "ताई, लहान मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नाही. त्याचं सगळं वेगळं. एका बाळाचं सगळं रक्त एका पेल्यात मावतं. मोठ्याच्या ऑपरेशनमध्ये जेवढं कापसाला लागून जातं, तेवढं याचं गेलं तर तो गेला. आणि त्याला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही. बघत बसावं लागतं."

बघत बसणं म्हणजे काय ते मी तिथं पाहिलं. सरांचा नियम असा की नवीन आलेल्या डॉक्टरानं आधी महिनाभर लेकरांचे लंगोट बदलायचे. पाजायचं, ढेकर काढायची, मांडीवर झोपवायचं. ज्याला लंगोट बांधता येत नाही त्यानं चाकू धरायचा नाही. एक उंच, तालेवार घरचा मुलगा होता, मोठ्यांच्या सर्जरीत पदक मिळवून आलेला. तो पहिल्या आठवड्यात नाक मुरडत लंगोट बदलायचा. चौथ्या आठवड्यात एका बाळाचा लंगोट सोडतानाच त्याच्या लक्षात आलं की कालच्यापेक्षा पोट ताणलंय. रिपोर्ट नंतर आला. सरांनी त्याची पाठ थोपटली नाही, फक्त म्हणाले, "आता उद्यापासून थिएटरला ये."

दुपारी हे लोक संत्री आणायचे. खायला नव्हे. फोड सोलून तिच्या त्या पातळ पापुद्र्यावर चीर द्यायची आणि केसासारख्या दोऱ्यानं परत शिवायची, रसाचा थेंब बाहेर येता कामा नये. आला तर फोड खाऊन टाकायची आणि दुसरी घ्यायची. मृणालनं त्या हिवाळ्यात कमी संत्री खाल्ली, म्हणजे तिला काम येत होतं. तिच्या घरचे फोनवर विचारायचे, किती शिकशील, लग्न कधी करशील. तिचा एक मामा वॉर्डात भेटायला आला होता. माझ्यासमोर म्हणाला, "लहान मुलांचं का? बरंय, लहान-लहान ऑपरेशनं असतील." तिनं त्याला संत्र्याची फोड आणि सुई दिली. "शिव ना, मामा." मामानं दोन मिनिटांत फोडीचं सरबत केलं.

"तुमच्या मागं किती जण शिकताहेत?" मी तिला विचारलं होतं. ती हसली. "जागा रिकाम्या जातात, ताई. कोणाला पुन्हा तीन वर्षं लंगोट बदलायचेत? आणि शिकून झाल्यावर बसायचं कुठं? एकट्या सर्जननं काय होतं, लेकराची भूल देणारा पाहिजे, लेकराची नर्स पाहिजे, ऊब देणारी खोली पाहिजे. ते सगळं मोठ्या शहरात. म्हणून आम्हीही तिथंच." तिच्यावर रागावता आलं नाही. ज्यांच्यावर रागवायचं ते त्या वॉर्डात कधी दिसले नाहीत.

माझा जिल्हा गरीब आहे असं कोणी म्हणू नये. हायवेवर रात्रंदिवस ट्रक धावतात, मंगल कार्यालयांना झुंबरं लागली आहेत, नागझिऱ्यात पाहुणे जिप्सीत बसून वाघ पाहतात. आणि तो वाघ कुठं विहिरीत पडला, कुठं गावात शिरला, तर त्याला भूल द्यायला शिकलेली माणसं धावून येतात. वजन पाहून औषध मोजतात, आणि ते योग्यच आहे, वाघ जगलाच पाहिजे. पण वाघाची भूल आमच्यापर्यंत पोचली आणि लेकराची पोचली नाही, हे आठवलं की वर्गात फळ्यावर लिहिताना माझा खडू मोडतो. मुलांना वाटतं मॅडमचा मूड खराब आहे. आहेच.

जुईला घेऊन आम्ही परत आलो तेव्हा लाखोळी फुलावर आली होती. निळी फुलं, भाजी संपलेली. गावानं निकाल आधीच देऊन ठेवला होता. "भाजी सोडली मनून वाचली पोट्टी." मी सांगायला सुरुवात करायची, पित्त, पीळ, बांधणी, आणि मोठाई मधूनच उठून जायची. इतकंच नव्हे, पुढच्या वर्षापासून गावात कोणी बाळंत झाली की मोठाई तिला जाऊन सांगायची, "आमच्या जुईचं का झालं होतं, मालूम आहे ना? पाल्याले हात लावू नोको." म्हणजे सरांनी दोन दिवस जिवाची बाजी लावून वाचवलेलं आतडं, मृणालच्या सगळ्या गाठी, सगळी संत्री, आणि माझी मुलगी या खोट्या गोष्टीचा पुरावा होऊन गावभर फिरत होती. मी मोठाईशी बोलणं जवळजवळ टाकलं. सणाला नमस्कार, बस. शाळेत पालकसभेला मी आयांना सांगते, तान्ह्या लेकराची उलटी हिरवी झाली की क्षणभर थांबू नका, सरळ नागपूर. त्या माना डोलावतात. मग मागून एखादी हळूच विचारते, "पन मॅडम, भाजी खाल्ली तं चालते का?"

या वर्षी मंडईला माहेरी गेलो. बाबांनी पुन्हा शेंडे खुडून आणले, आता ते दोघींसाठी आणतात. दुपारी अंगणात उन्हाला बसून मी आणि जुई भाजी-भात खात होतो. शेजारची नवी बाळंतीण, कल्याणी, लेकराला घेऊन ऊन दाखवायला आली. तिची नजर आमच्या ताटावर गेली. मोठाई ओसरीवर बसली होती, आता पार वाकली आहे, काठीशिवाय उठवत नाही. पण आवाज तोच. "पाहू नोको तिकडे. आमच्या जुईले—"

"बस!" मी ताट बाजूला सारलं. दहा वर्षांचं सगळं माझ्या तोंडून बाहेर आलं, अंगणात, सगळ्यांदेखत. "काही होत नाही भाजीनं! जन्माआधीच आतड्याची बांधणी चुकलेली असते. आई उपाशी राहिली असती तरी झालं असतं. दूध पांढरंच असतं, मोठाई, आतही पांढरंच असतं! हिरवं ते पित्त. आईचा काही, काही, काही दोष नसतो!"

या वेळी ती उठून गेली नाही. कदाचित पायात तेवढा जोर नव्हता म्हणून असेल. काठी मांडीवर आडवी ठेवून माझ्याकडे वळली.

"नाई खाल्ली तरी होते?"

"होतं."

"पक्कं?"

"पक्कं, मोठाई. ज्यांनी तिचं पोट उघडलं त्यांनी सांगितलं."

"माहा पयला पोट्टा," ती म्हणाली. आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. आईनंही नाही, आई त्यानंतर या घरात आली, आणि बाबा तेव्हा अगदी लहान होते. "लाखोरी खुडाले गेली होती मी, पाठीशी बांधून त्याले. खुडता खुडता कच्चीच दोन घास खाल्ली. भूक लागली होती वो. घरी आली तं हिरवं ओकला. तिसऱ्या दिवशी गेला. सासू सगळ्या गावाले सांगे, हिनं पाला खाऊन मारली मनून." तिनं मान वर केली. "मंग मी नाई मारली त्याले?"

"नाही, मोठाई. तू नाही मारलंस."

मला वाटलं ती रडेल. कल्याणी रडत होती, आई रडत होती. मोठाईचे डोळे कोरडे होते आणि चेहरा लाल होत चालला होता.

"तवा असे डाक्टर नोते का? लेकराचं पोट उघडनारे?"

"होते."

"कोठी?"

"नागपूरला."

"आन् आता?"

मी जुईकडे पाहिलं, कल्याणीच्या मांडीवरल्या लेकराकडे पाहिलं.

"आताही नागपूरलाच."

मोठाईनं काठी उचलून ओसरीवर आपटली आणि अशी एक शिवी हासडली की पुंजण्यावरच्या चिमण्या उडाल्या. मग दुसरी. मग तिसरी. कोणी तिला गप्प केलं नाही. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.